समोर कोण?

इर्मा सेडलाकशी ज्याचं भांडण नाही असा माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. सापडलाच तर तो काल राहायला आलेला असणार. क्लीव्हलंडच्या पूर्व बाजूला, जिथे बोल्टचा कारखाना होता त्याच्या मागच्या रस्त्यावर, एका दुमजली लाकडी घरात ती जन्मली आणि त्याच घराच्या खालच्या मजल्यावर म्हातारी झाली. आधी कारखान्यात बोल्ट खोक्यांत भरले, कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढला, आणि दोन्ही ठिकाणी साहेबांच्या नाकी नऊ आणले. पोस्टमन, पाद्री, बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, कुणाची म्हणून तिनं भीड ठेवली नाही. आवाज तर असा, की चर्चमध्ये ती कुजबुजली तरी शेवटच्या बाकावर बातमी पोचायची.

धाकटा भाऊ एमिल लहानपणी तिला 'भोंगा' म्हणायचा, कारखान्याच्या भोंग्यावरून. आईनं ऐकलं की त्याच्या मुस्काटात बसायची, म्हणून तो दोघंच असताना म्हणायचा. केस पांढरे झाले तरी दोघंच असताना म्हणायचा, आणि जगात कुणाचं काही ऐकून न घेणारी इर्मा एवढं एक ऐकून घ्यायची. आईखेरीज हे नाव तिसऱ्या कानाला ठाऊक नव्हतं.

एमिल वरच्या मजल्यावर राहायचा, बायकोसकट. सगळी खोट त्या 'सकट'मध्ये होती. लोरेन नदीपलीकडची, पश्चिम बाजूची, आयरिश घरातली. इर्माच्या लेखी नदीपलीकडे विमानतळ आणि नालायक लोक, एवढंच होतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच नाताळात लोरेननं कोबीच्या सूपात साखर घातली. एमिल मुकाट्यानं प्यायला. इर्मानं मात्र ती साखर आयुष्यभर लक्षात ठेवली.

नणंद-भावजयीचं कुठल्या देशात जमलंय? पण इतरांच्या मधे निदान एखादा रस्ता असतो. इथे फक्त एक जिना होता. इर्माचं हत्यार म्हणजे झाडूचा दांडा. वर पावलं जरा जोरात वाजली की ती खालून छताला ठोकायची. लोरेनचं हत्यार म्हणजे टाचा. बर्फ पडला की इर्मा दारापासूनची वाट बरोबर अर्धी उपसायची, लांबीतली नव्हे, रुंदीतली अर्धी, आणि उरलेली अर्धी लोरेनसाठी सोडायची. पोस्टमन बिचारा एक पाय बर्फात, एक पाय फरशीवर असा लंगडत यायचा. घर तापवणारी भट्टी तळघरात एकच होती आणि तिचं बटण इर्माच्या भिंतीवर होतं. यापुढे काही सांगायला नको.

एमिल होता तोवर हे सगळं तोंडी लावण्यापुरतं होतं. तो एका जानेवारीत सकाळी गेला, छातीत कळ येऊन. इर्मा तेव्हा खाली अंडी तळत होती. वर धावपळ ऐकू आली, काहीतरी जड पडल्यासारखं वाजलं, आणि तिनं सवयीनं झाडू उचलून छताला चांगले सणसणीत ठोके हाणले. वरचा आवाज थांबला. अंडी खाऊन ती उठली तेव्हा दारात अँब्युलन्स उभी होती.

"एक जिना!" त्यानंतर भेटेल त्याला ती सांगत सुटली. "मधे फक्त एक जिना होता. दार उघडून हाक मारायची, बस. माझा सख्खा भाऊ वर मरतोय आणि ही टवळी मला हाक मारत नाही!" ऐकणारा हळहळायचा. झाडूचं मात्र ती कुणाला सांगायची नाही.

आता फुकट वकिलांविषयी. शहराच्या मध्यावर एक कचेरी आहे. खिशात दमडी नसलेल्यांचे दावे तिथले वकील फी न घेता लढतात. खून-मारामाऱ्या नव्हेत, घरमालक, नवरे, वारसे, असली रोजची दुखणी. इर्मानं तरुणपणी तिथूनच आपल्या नवऱ्याला, लेस्टरला, घराबाहेर काढलं होतं. लेस्टर प्यायचा आणि हात उगारायचा. घराबाहेर पडल्यावर तोही त्याच कचेरीत धावला, तर त्याला सांगितलं, "माफ करा, इथे विरोध येतो." म्हणजे समोरची बाजू आधीच आमची अशील झाली, आता आम्ही तुमचे होऊ शकत नाही. लेस्टर हात हलवत परत गेला. त्या एका शब्दानं इर्माला जेवढं सुख दिलं तेवढं अख्ख्या लग्नानं दिलं नव्हतं.

हे ज्ञान तिनं झाकून ठेवलं नाही. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या चर्चच्या तळघरात बायका पिरोही करायला जमतात. पिठाच्या पारीत बटाटा नाहीतर कोबी भरायचा, कडा चिमटायच्या, उकडायच्या आणि शुक्रवारी विकायच्या. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे अर्ध्या मोहल्ल्याचे निकाल तिथेच लागतात.

"ऐका गं," इर्मा बटाट्याच्या टोकाकडून सांगायची. "भांडायचं ठरलं ना, की आधी भांडायचं नाही. आधी फोन करायचा. पहिला फोन तुमचा, तर कचेरी तुमची. दुसऱ्यानं मग बोंबलत बसायचं."

"आणि दोघींनी एकदम केला तर?" समोरच्या घरातल्या बिया टोमकोनं विचारलं.

"असं कसं होईल?"

"तेही खरं. तुझ्याआधी जगात कुणी बोललंय का?"

सगळ्या खिदळल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कोबीच्या पातेल्यापाशी, लोरेन खाली मान घालून कडा चिमटत होती. ती हसली नाही. पण कान काही तिनं घरी ठेवले नव्हते.

एमिल जाऊन तीन हिवाळे झाले होते तेव्हाची ही गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक माणूस दारात आला. आधी मागच्या दारानं वर जाऊन आला होता, ते इर्माला दिसलं नाही.

"इर्मा सेडलाक?"

"तू कोण?"

"हे तुमचे," असं म्हणून त्यानं तिच्या हातात कागद कोंबले आणि अर्ध्या उपसलेल्या वाटेवरून घसरत पळाला.

वाटणीचा दावा होता. घर अजून आईच्याच नावावर होतं. आईला जाऊन किती वर्षं झाली, पण नाव बदलायला कुणी गेलं नव्हतं. घर आपलंच आहे, ते कागदाला कशाला सांगायचं, असा आमच्याकडचा हिशोब. आता कागद म्हणत होता की या घराचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून घर विका आणि आलेलं वाटून घ्या. अगदी वर कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. इर्मानं ते वाचलं आणि सोडून दिलं. कंपन्यांचे कागद रोजच येतात, छप्पर दुरुस्त करतो, घर रोखीनं घेतो. खाली मात्र 'लोरेन सेडलाक' असं छापलेलं होतं, आणि तिची नजर तिथे अडकली ती अडकलीच. त्याच्याच वरच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं, दोघी एकाच रकान्यात होत्या, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण रागात इर्माला दिसायचं कमी आणि वाचता तर मुळीच यायचं नाही.

"विकतेय!" ती छताकडे बघून किंचाळली. "माझ्या आईचं घर विकतेय ही!"

घर गेलं तर कुठे जायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नदीकाठी म्हाताऱ्यांसाठी एक उंच इमारत आहे. तिथली एक खोली, न उघडणारी खिडकी, आणि लिफ्टमध्ये औषधांचा वास. बिया टोमकोची बहीण तिथे गेली आणि दुसऱ्या वर्षी लोकांना ओळखेनाशी झाली. इर्मानं फोन उचलला.

बराच वेळ फोनमध्ये बाजा वाजला, मग एक बाई बोलली. नाव, पत्ता, मिळकत, घरात माणसं किती. मग तिनं विचारलं, "समोर कोण आहे?"

"समोर? समोर टोमको राहतात."

"तसं नव्हे मॅडम. दाव्यात समोर कोण? तुमच्या विरोधात कोण आहे?"

"असं विचारा ना! भावजय. लोरेन सेडलाक. लिहून घ्या. डोळे घारे, मन काळं."

"मनाचं नको. थांबा हं."

पुन्हा बाजा. मग बाईचा आवाज जरा सांभाळून आला. "मिस सेडलाक, माफ करा, आम्हाला तुमचं काम घेता येणार नाही. इथे विरोध येतोय."

"विरोध आहेच बाई! विरोध आहे म्हणून तर फोन केला! गळ्यात गळे असते तर तुमच्याशी कशाला बोलत बसले असते?"

"आमच्या कामातला विरोध म्हणतेय मी. याहून जास्त सांगता येत नाही."

"तिनं आधी फोन केला. होय ना?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे केला."

"मॅडम, मी असं काही..."

इर्मानं फोन आदळला. लेस्टरला ऐकवलेला शब्द आज तिला ऐकावा लागला होता, आणि ही युक्ती लोरेन शिकली होती ती इर्माच्याच तोंडून, फुकट, कडा चिमटता चिमटता. तिनं भिंतीवरचं बटण फिरवून भट्टी बंद केली, झाडू उचलला आणि छताला पोपडे येईपर्यंत ठोकलं. मग जिन्याच्या तळाशी उभी राहून ओरडली, "लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाचं घर विकायला निघालीस?"

वरचं दार उघडलं. "लाज तुला नाही! त्याची माती वाळली नाही अजून!"

"कोर्टात बघते तुला!"

"ये ना! मीही येतेच आहे!"

आणि दार आपटलं. आता यात कुणी विचार करायला हवा होता की जिनं दावा लावला ती असं का बोलेल. पण दोघींनाही समोरचीचे शब्द आपल्याच रागाचं उत्तर वाटले, आणि उरलेला महिना दोघी कोट घालून आपापल्या मजल्यावर कुडकुडत बसल्या.

तारखेच्या दिवशी दोघी एकाच बसनं गेल्या. इर्मा ड्रायव्हरच्या मागे, लोरेन अगदी शेवटी. कोर्टाच्या लांब बोळात इर्मा भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि लोरेनचा वकील कधी येतो ते बघू लागली. कुणी आलं नाही. एक गुळगुळीत दाढी केलेला, निळ्या सुटातला माणूस आला आणि हातातली फाइल बघून म्हणाला, "सेडलाक?"

"हं," दोघी म्हणाल्या.

"दोघीही आलात. छान. मी कंपनीचा वकील," असं म्हणून तो छान दात दाखवून आत गेला.

इर्मा लोरेनकडे वळली. "तुझा फुकट वकील कुठाय?"

"तुझा कुठाय?"

"मला त्यांनी उभं केलं नाही. तू आधी फोन केलास ना, चोरटे."

"केला. आणि मलाही त्यांनी उभं केलं नाही. विरोध येतो म्हणाले. मला वाटलं, तू माझ्याही आधी केलास."

तेवढ्यात आतून नावाचा पुकारा झाला.

आत न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत होत्या. "तुम्ही दोघी एका बाजूला आहात ना?"

"नाही!" दोघी एका श्वासात म्हणाल्या.

"कागद म्हणतो, आहात. ओत्तो सेडलाक, फ्लोरिडा, हे तुमचे कोण?"

"थोरला भाऊ," इर्मा म्हणाली.

"त्यांनी या घरातला आपला वाटा कंपनीला विकलाय. आता कंपनीला सगळं घर विकायचंय, म्हणून तिनं दावा लावलाय. तुमच्यावर. दोघींवर. वाचलं नाहीत?"

दोघींनी पायांकडे पाहिलं. निळ्या सुटातला माणूस खोकल्यासारखं करून हसला. न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली आणि सांगितलं की तोवर वकील बघा, नाहीतर पुढच्या वेळी मला यांचंच ऐकावं लागेल.

बसथांब्यावर वारा सरोवरावरून सरळ अंगावर येत होता. लोरेन म्हणाली, "कचेरीत दोघींनी एकदम जावं लागेल."

"तुझ्याबरोबर मी स्वर्गातसुद्धा जाणार नाही."

"स्वर्गात तुला कोण बोलावतंय? कचेरीत चल."

कचेरीतल्या वकीलबाईंचं नाव नादिया खूरी. त्यांना सर्दी झाली होती, टेबलावर नाक पुसल्याच्या कागदांचा ढीग होता, आणि गोड बोलायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता. "दोघींचे फोन एकाच दुपारी आले," त्या म्हणाल्या. "समोर कोण, असं विचारलं, तर तुम्ही यांचं नाव सांगितलंत आणि यांनी तुमचं. कंपनीचं नाव एकीच्याही तोंडून आलं नाही. मिस सेडलाक, तुम्ही आमच्या जुन्या अशील, म्हणून आम्ही यांना नाही म्हटलं. आणि यांनी फोनवर आपली सगळी हकीकत आधीच सांगून टाकली होती, म्हणून तुम्हाला नाही म्हटलं."

"म्हणजे मुळात पहिली मीच," इर्मा म्हणाली.

"त्यानं काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

खूरीबाईंनी नाक पुसलं. "नीट ऐका. समोर कंपनी असेल तर मी दोघींसाठी उभी राहू शकते. पण तुमचं एकमेकींविरुद्ध काही म्हणणं असेल तर नाही. आणि दावा चालू असताना तुमच्यात फाटलं, तर मला एकीला धरून दुसरीला सोडता येत नाही. दोघींना सोडावं लागेल. मग तो निळा सूट आणि तुम्ही. समजलं? आता सांगा, तुमच्यात काही भांडण आहे?"

"नाही," लोरेन म्हणाली.

"आहे," इर्मा म्हणाली.

खूरीबाईंनी पेन खाली ठेवलं. इर्मानं मग सगळं सांगितलं, एक जिना, ती सकाळ, अँब्युलन्स. तिचा आवाज शेजारच्या खोल्यांत गेला असणार, कारण तिकडचं टाइपिंग थांबलं. "माझा भाऊ वर मेला आणि हिनं मला हाक मारली नाही. हे भांडण आहे. लिहा."

लोरेनचं तोंड उघडलं. तिनं वकीलबाईंकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"हे मला लिहिता येत नाही," खूरीबाई म्हणाल्या. "वाईट झालं. पण याला कायद्यात जागा नाही. मी घराचं विचारतेय. या घरातल्या यांच्या वाट्याविरुद्ध तुमचं काही म्हणणं आहे?"

तीन वर्षं जे उरावर घेऊन ती हिंडत होती, ज्याच्या जोरावर ती सकाळी उठत होती, ते या सर्दी झालेल्या बाईच्या रकान्यात बसत नव्हतं. तिला खूप अपमान वाटला. "नाही," ती अखेर म्हणाली.

"मग विरोध नाही," खूरीबाई म्हणाल्या आणि सहीसाठी कागद पुढे सरकवले.

त्यानंतरचं दीड वर्ष गल्लीनं तिकीट काढून बघावं असं होतं. दोघींना भांडायची बंदी! बर्फ पडला की इर्मा दात-ओठ खात पूर्ण वाट उपसायची, आणि वरून लोरेन "थँक यू" म्हणायची, तेही अशा चालीत की त्याचा अर्थ शिवीहून वाईट व्हावा. जिन्यात गाठ पडली तर इर्मा "काय थंडी!" म्हणायची, तोंडात फोड आल्यासारखी. भट्टी आता दोन्ही मजले सारखे तापवायची. हात जाऊ नये म्हणून इर्मानं झाडू तळघरात नेऊन ठेवला आणि खालची जमीन ओल्या फडक्यानं पुसू लागली. पोस्टमनला दोन्ही पायांनी चालताना बघून बिया टोमकोनं तिला विचारलं, "इर्मा, बरं नाही का गं तुला?"

पिरोहीच्या टेबलावर बायकांनी मुद्दाम काड्या टाकून पाहिल्या. "लोरेनच्या पिरोही उकळताना फाटतात बघ."

"फाटू देत," इर्मा म्हणाली. "वकीलबाईची परवानगी नाही मला."

खूरीबाई गोड नव्हत्या, पण कामाला चिवट होत्या. त्यांनी फ्लोरिडात पत्रं पाठवली, फोन केले, दवाखान्याचे कागद मागवले. ओत्तो दोन वर्षांपासून तिथल्या एका वृद्धालयात पडून होता. कुणी विचारलं तर त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण कंपनीच्या कागदावर आडनावासकट वळणदार सही होती. सही कुणी, कशी घेतली, हे विचारायला सुरुवात झाली तसे निळ्या सुटाचे दात दिसेनासे झाले. ओत्तोची ही दशा इर्माला कोर्टातच कळली. वर्षानुवर्षं तिनं त्याला फोन केला नव्हता. तो भांडून गेला होता आणि पहिला फोन त्यानं करायचा होता.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी कंपनीचा कागद रद्द केला. घर आता नावानिशी त्यांचं झालं, इर्माचं, ओत्तोचं आणि एमिलची विधवा म्हणून लोरेनचं. खूरीबाईंनी दोघींशी हात मिळवला, म्हणाल्या, "माझं काम संपलं," आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बसमध्ये इर्मा पुढे बसली, लोरेन मागे.

घरी आल्यावर इर्मानं कोट काढला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात फिरवला. भिंत तिची होती. नदीकाठच्या इमारतीतली न उघडणारी खिडकी आता दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी. तिला बरं वाटायला हवं होतं आणि घटकाभर वाटलंही. मग ती तळघरात गेली, झाडू घेतला, आणि एमिल गेल्यापासून न चढलेला जिना चढली. दार तिनं दांड्यानंच वाजवलं.

लोरेन स्टॉकिंग्ज काढत खुर्चीत बसली होती. "उघडंच आहे," ती म्हणाली.

इर्मानं झाडू दाराशी टेकवला. "आता वकील नाही, न्यायाधीश नाही. आता बोल. मला हाक का मारली नाहीस?"

"नक्की सांगू?"

"तोंड शिवलंय का तुझं?"

"दीड वर्ष शिवलेलंच होतं," लोरेन म्हणाली. ती घाईत नव्हती. "त्या दिवशी कचेरीत अगदी जिभेवर आलं होतं. पण तिथे बोलले असते तर तू टेबल उलटं केलं असतंस, वकीलबाई उठून गेली असती, आणि आज आपण दोघी रस्त्यावर असतो. म्हणून गिळलं. म्हटलं, केस संपू दे. रोज वाट बघत होते गं केस संपायची."

"बोल म्हटलं ना!"

"तो खाली पडला, खुर्चीसकट. मी अँब्युलन्सला फोन केला आणि तुला हाक मारायला दाराकडे निघाले. या इथवर आले होते. तेवढ्यात तू खालून ठोकलंस." लोरेननं जमिनीकडे बोट दाखवलं. "त्यानं ऐकलं. जमिनीवर पडलेला, ओठ निळे, आणि हसला. मला म्हणाला, 'ऐक, भोंगा वाजला.' मला वाटलं, भ्रमात बोलतोय. मग म्हणाला, 'नको बोलवू तिला. ती आली तर तिच्या बोलण्यात मला मरायलासुद्धा मधे जागा मिळणार नाही. शांत जाऊ दे मला.' म्हणून मी दार लावलं."

'खोटं' हा शब्द इर्माच्या ओठांवर तयारच होता. लोरेन खोटारडी होती, कोबीत साखर घालणारी होती, नदीपलीकडची होती. पण भोंगा? तो शब्द तिला कोण सांगणार? आई मेली होती, आणि एमिलनं तो दोघंच असताना म्हणायचा असं ठरलेलं होतं.

"भोंगा म्हणजे काय ते मला आजवर कळलं नाही," लोरेन म्हणाली. "कळलं तुला?"

इर्मा वळली आणि कठड्याला धरून खाली उतरली. स्वयंपाकघरात दिवा न लावता ती टेबलाशी बसली. वर टाचा वाजल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मुद्दाम. थांबल्या. पुन्हा वाजल्या, जास्त जोरात. इर्माचा हात सवयीनं कोपऱ्याकडे गेला. कोपरा रिकामा होता. झाडू वर लोरेनच्या दाराशी राहिला होता.

थोड्या वेळानं वरून ठोके आले. ते टाचांचे नव्हते, दांड्याचे होते. छताचे पोपडे टेबलावर पडले. ठोके थांबले आणि वर कुणीतरी कान देऊन उभं राहिल्यासारखं शांत झालं. इर्मानं ओरडायला तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं आणि अंधारात, अजिबात आवाज न करता, बसून राहिली.